उजवा गुडघा

आईचे गुडघे चांगले आहेत. ती मांडी घालून कितीही वेळ बसू शकते. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि रिकामी बादली हलवत खाली येते. पण यवतमाळच्या ज्या ले-आउटमध्ये आम्ही राहतो तिथे मागच्या उन्हाळ्यापर्यंत कोणालाही विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं की त्या घरातल्या वहिनींचा उजवा गुडघा गेलाय आणि त्यासाठी त्यांना दर महिन्याला नागपूरला न्यावं लागतं. ही माहिती आम्हीच पुरवलेली होती.

नागपूरला ज्यांच्याकडे आम्ही जातो ते मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत. असे डॉक्टर यवतमाळमध्येही आहेत आणि चांगले आहेत म्हणतात. पण त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेलं माणूस रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसू शकतं. म्हणून बाबांनी नागपूर ठरवलं. खरं तर मला हायसं वाटलं.

मी लहान असताना आम्ही बाभुळगावला भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा सरकारी कचेरीत होते. आमच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती. पलीकडे मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकचं कुटुंब राहायचं. त्याच्या बायकोला मी चाची म्हणायचे. चाचीला काही विचारायचं असलं की ती सांडशीनं भिंतीवर ठोकायची आणि तिथूनच ओरडायची, "भाभी, नल आया क्या?" आई इकडून ओरडायची, "आला नाही वो अजून!" दिवसभर हे चालायचं. घरात मोठ्यानं बोलायचं नाही असं मला कोणी शिकवलंच नव्हतं. ते मी नंतर शाळेत शिकले.

आईची आई वारली त्या वर्षी आई बोलेनाशी झाली होती. चुलीवरचं करपलं तरी उठायची नाही, केस विंचरायची नाही. एका सकाळी चाचीनं भिंतीवर ठोकलं. उत्तर गेलं नाही. तिनं पुन्हा ठोकलं, आणि मग पदराला हात पुसत ती सरळ आमच्या घरात आली.

"ऐसी काहे को बैठी? उठो. मेरेकू लसून छिलने का है, इतना सारा."

आईला हाताला धरून तिनं आपल्या ओट्यावर नेऊन बसवलं. तिथे गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी होत्याच. आईला कोणी काही विचारलं नाही. तिच्यासमोर लसूण टाकला आणि त्या आपापसात कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लसूण नसला तर तांदूळ निवडायचे. पुढे केव्हातरी आई त्या सुनेच्या बाजूनं भांडायला लागली. तिला आजार झाला होता असं कोणी म्हटलं नाही, त्यामुळे ती बरी झाली असंही कोणाला म्हणावं लागलं नाही.

त्या गल्लीला मी उगाच चांगलं म्हणत नाही. तिथे एक बाई स्वतःशी बोलत फिरायची. तिला सगळे 'येडी' म्हणायचे. पोरं तिच्या मागे जायची, आणि ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आईही हसायची. एकदा हा शब्द चिकटला की त्या माणसाचं दुसरं नावच उरत नाही, हे तिनं तिथे बसून बघितलेलं होतं.

माझ्या शाळेसाठी आम्ही यवतमाळला आलो. बाबांनी शहराच्या टोकाला प्लॉट घेऊन घर बांधलं. आमच्या ले-आउटमध्ये कोणी दारव्ह्याचं आहे, कोणी पुसदचं, कोणी वणीकडचं. सगळे नोकरीतले. सगळ्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी घरं बांधली. प्रत्येक घराला कंपाउंड आहे आणि सरकणारं गेट आहे. मधले काही प्लॉट अजून रिकामे आहेत, तिथे काँग्रेस गवत माजतं. उन्हाळ्यात दुपारी फक्त कूलरची घरघर ऐकू येते. पण लोक वाईट नाहीत. संक्रांतीला वाण येतं, गणपतीची वर्गणी होते, कोणी वारलं तर पुरुषमंडळी गाड्या काढतात. बाकी वर्षभर जो तो आपल्या गेटच्या आत.

बाबांना हे आवडायचं. "इथं कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही," ते पाहुण्यांना सांगायचे. मलाही आवडायचं. मी बुजरी मुलगी. बाभुळगावात कोणीही गाल ओढायचं, कोणीही विचारायचं, "कितवा नंबर आला वं?" इथे मला कोणी काही विचारत नव्हतं.

आईचं काय झालं ते मी तेव्हा बघितलं नाही. बघितलं ते एवढंच, की शाळेच्या पालकसभेत ती माझ्या मैत्रिणीच्या आईला म्हणाली, "मले नाही माहीत जी." ती बाई हसली नाही, काही नाही. तरी माझे कान तापले. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "मला म्हण ना. मले काय?"

आईनं ऐकलं. त्यानंतर ती बाहेर बोलताना प्रत्येक वाक्य आधी तोंडातल्या तोंडात करून बघायची. ते नीट तयार होईपर्यंत समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असायचं. मग तिनं वाक्यं करणंच कमी केलं. नुसती मान हलवायची. लोकांना वाटलं, या बाई फार कमी बोलतात.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आईनं रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. आधी एक, मग सगळ्या. बाबांनी कारण विचारलं तर म्हणाली, धूळ येते. मग ती स्वयंपाकघरात फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या जागेत बसायला लागली. मी तिला उठवायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐक. समोरच्या बायका माझ्याबद्दल बोलून राह्यल्या."

मी ऐकलं. समोरच्या काकू आणि कोपऱ्यावरच्या मॅडम गेटवर उभ्या राहून बोलत होत्या. मला शब्द कळत नव्हते. मध्येच त्या हसल्या.

"पाह्य. हसल्या न?"

"आई, त्या त्यांचं बोलतायत."

"तुले नाही समजत. दिवसभर माझंच चालू असते त्यायचं. मी कपडे वाळू घालते तरी त्यायले माहीत असते."

मग ती गच्चीवर जाईना. आंघोळ टाळायला लागली, कारण पाण्याचा आवाज बाहेर जातो. रात्री बेरात्री नाही, भर दिवसा ती दारामागे उभी राहून ऐकत असायची. जेवण सुटलं. तेव्हा बाबांनी कोणाला तरी दुसऱ्याच्या नावानं विचारून नागपूरच्या डॉक्टरांचा पत्ता काढला.

डॉक्टर वयस्कर होते, घाई नसलेले. त्यांनी आईशी एकटीशी बोलून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं. गोळ्या समजावून सांगितल्या. मग विचारलं, "या दिवसभरात कोणाशी बोलतात?"

आई म्हणाली, "दूधवाल्याशी."

"आणखी?"

आई विचार करत राहिली. बाबा मध्येच म्हणाले, "तसे शेजारी चांगले आहेत, साहेब. कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की हा आजार अनेक कारणांनी होतो आणि नेमकं बोट कशावरच ठेवता येत नाही. पण आपण इथले नाही, आपल्याला इथे कोणी ओळखत नाही, असं वर्षानुवर्षं वाटत राहिलं की ज्याच्या मनात मुळात थोडी नाजूक जागा आहे त्याला ते जास्त बाधतं. गाव सोडून नव्या वस्तीत आलेल्यांमध्ये हे ते बरंच बघतात. "गोळ्या चुकवू नका. पण यांना घरात ठेवू नका. चार बायकांत बसू द्या. काही तरी हातानं करू द्या."

बाबा "हो हो" म्हणाले. संध्याकाळी आम्ही यवतमाळला परतलो. आम्ही गेट उघडत होतो तेवढ्यात समोरच्या काकू त्यांच्या गेटवर आल्या. त्यांच्या मिस्टरांची बदली होऊन ते दिग्रसकडून इथे आले होते, आणि आमच्या ले-आउटमध्ये त्यांना माहीत नसलेलं फार थोडं होतं.

"कुठं गेलते सगळे?"

बाबांच्या हातात दवाखान्याची पिशवी होती. ती मागे नेत ते म्हणाले, "हिचा गुडघा. नागपूरला दाखवून आणलं."

"कोणता?"

बाबांनी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. मी म्हटलं, "उजवा."

घरात आल्यावर बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं लग्न व्हायचं आहे. एकदा हे बाहेर गेलं की कोणी दारात उभं राहणार नाही." मला वाटलं, बाबा बरोबर बोलतायत. हे सगळं माझ्यासाठी चाललंय हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि ते मी घेतलं, जसं आजवर शाळेची फी घेतली, नवे कपडे घेतले, तसं.

गुडघ्याचं एवढं होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी काकूंकडून तेलाची बाटली आली. कोपऱ्यावरच्या मॅडमनी डिंकाचे लाडू पाठवले. राजूरकडे कोणी झाडपाल्याचं औषध देतं, कोळशाच्या खाणीतली माणसं त्याच्याचकडे जातात, असा निरोप आला. इतक्या वर्षांत आमच्या गेटमध्ये इतकं येणंजाणं कधी झालं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी आईला लंगडत दारापर्यंत यावं लागायचं.

तिला ते जमायचं नाही. ती मुळात भराभर चालणारी बाई. मी तिला हॉलमध्ये शिकवलं. पाय टाकताना आधी थांबायचं, कमरेवर हात ठेवायचा. दोन-तीनदा ती डाव्या पायानं लंगडली. मी आतून खूण करायचे. नंतर बाहेर पडण्याआधी ती गेटपाशी थांबून हळूच विचारायची, "आज कोणता?"

"उजवाच, आई. रोज उजवाच."

एकदा आम्ही दोघी यावरून हसलो. गोळ्यांनी तेव्हा फरक पडायला लागला होता. पण बाकी दिवस ती बाहेर जायचंच टाळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला बायकांत बसवा, आणि आम्ही तिला असा गुडघा दिला होता की तो घेऊन कुठे जाणं म्हणजे नाटकाला उभं राहणं. जिथे बायका जमायच्या, मग ते हळदीकुंकू असो की महालक्ष्म्यांचं जेवण, तिथे सगळ्या खाली बसायच्या आणि काकू मोठ्या मनानं ओरडायच्या, "अगं वहिनींना खुर्ची आणा!" प्लास्टिकची लाल खुर्ची यायची. आई वर बसायची. खाली डोकी जवळ आणून बायका बोलायच्या, आणि वर एकटी आई सगळ्यांच्या भांगाकडे बघत असायची. खुर्चीवरच्या माणसाशी बोलायचं तर मान वर करावी लागते. मान वर करून कोणी किती वेळ बोलेल?

घरी आल्यावर ती म्हणायची, "त्या खाली काही तरी बोलत होत्या."

बाभुळगाव एसटीनं तासाभराच्या आत येतं. चाची अजून तिथेच आहे. आई दोनदा म्हणाली, "मले चाचीकडं नेऊन सोड चार दिवस." मी म्हटलं, परीक्षा झाली की. मग म्हटलं, ऊन कमी झालं की. चाचीसमोर गुडघ्याचं चाललं नसतं. तिनं आईचा चेहरा एकदा बघितला असता आणि मग सगळ्या गल्लीला कळलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात समोरच्या काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं. त्यांच्या नात्यातला मुलगा, वणीचा, पुण्यात नोकरी. पत्रिका जुळली होती. मुलाची आई काही कामानं यवतमाळला येणार होती. काकू म्हणाल्या, "कांदेपोह्यांचं नंतर पाहू. त्या दिवशी माह्याकडं उडदाचे पापड हायेत. तुम्ही मायलेकी या, त्याही येतील. सहज बोलणं होईल."

बाबांनी आदल्या दिवशी आईला तीन-तीनदा बजावलं. फार बोलू नको. गुडघ्याचं विचारलं तर आता बरं आहे म्हण. आई भाजी निवडत ऐकत होती. मग मी तिला तिची चांगली साडी काढून दिली.

काकूंच्या मागच्या खोलीत पंखा आणि कूलर दोन्ही बंद होते, वाऱ्यानं लाट्या सुकतात म्हणून. खिडकीला ओलं पोतं लावलेलं. सात-आठ जणी घामाघूम होऊन पोळपाट मांडून गोलात बसल्या होत्या. एक जण पिठाचा लांब रोल दोऱ्यानं कापून लाट्या पाडत होती आणि तेलाच्या वाटीत टाकत होती. मला वाटलं होतं की काकू सोडल्या तर इथे सगळ्या आमच्या शाळेतल्या पालकांसारख्या बोलत असतील. मी गेली कित्येक वर्षं आईला त्यांच्याचसारखं बोलायला लावत होते. आणि तिथे नुसतं मले आणि तुले चाललं होतं.

"अवं माय, हा पापड हाय का चपाती? पाठच्या बाजूनं लाट न!"

"तू कायले बोलतं? मागच्या साली तुह्या पापडानं माह्या नवऱ्याचा दात हालला."

"त्याचा दात आधीचाच हालत होता. मले माहीत हाय."

"तुले कसं माहीत वं माह्या नवऱ्याच्या दाताचं?"

सगळ्या फिसकन हसल्या. कोपऱ्यावरच्या मॅडम, ज्या गेटवर माझ्याशी 'कशी आहेस बेटा' असं मोजून बोलतात, त्या हसता हसता पोळपाटावर वाकल्या. मी दारात उभी होते आणि माझा चेहरा गरम झाला होता. मी कोणासाठी आईची जीभ कापली होती?

लाल खुर्ची भिंतीशी मांडून ठेवलीच होती. आई लंगडत गेली आणि बसली. मुलाची आई खाली पाटावर होती. नीटनेटक्या, हसऱ्या बाई. त्यांनी मला काय शिकलीस, काय करतेस विचारलं. मी सांगितलं की घरूनच काम करते, लॅपटॉपवर. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्या म्हणाल्या, "शांत आहे मुलगी." काकू म्हणाल्या, "लय शांत. तिचा आवाज मी वर्षातून एकदा ऐकते." मला पापड उन्हात टाकायचं काम मिळालं. मागच्या अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरलं होतं, मी तिथे पापड नेऊन ठेवायचे आणि परत यायचे.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला मी आत आले तेव्हा आई लाट्यांकडे बघत होती. तिच्या मांडीवर तिची बोटं हलत होती. पापड लाटताना हलतात तशी. आईसारखे पापड बाभुळगावच्या गल्लीत कोणाला जमायचे नाहीत, कडेपर्यंत सारखे, पलीकडचं दिसेल इतके पातळ. हे मी विसरून गेले होते.

मग ती उठली. लंगडली नाही. दोन पावलं आली, साडी सावरली आणि दोघींच्या मध्ये जागा करून सरळ मांडी घालून बसली. समोरचं लाटणं उचललं.

"अवो वहिनी, गुडघा!" काकू ओरडल्या.

आईनं लाटी घेतली. "गुडघ्याले काही नाही झालं माह्या."

मुलाच्या आईनं हसून विचारलं, "बरा झाला वाटतं? दुखत होता ना?"

"नाही. कधीच नव्हता दुखत." आई लाटत होती. पापड तिच्या हाताखाली गोल फिरत होता. "मले डोक्याच्या गोळ्या चालू हायेत. नागपूरच्या डॉक्टरच्या."

खोलीत लाटणी थांबली. माझ्या हातात ताट होतं. मी पटकन म्हटलं, "मायग्रेन. आईला मायग्रेन आहे."

आईनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मूल मध्ये बोललं की बघतात तसं.

"नाही," ती म्हणाली. "मनाचा आजार हाय. तुम्ही साऱ्याजणी माह्याबद्दल बोलून राह्यल्या असं मले वाटे. दिवसभर ऐकू येत जाय. घराबाहेर निघत नव्हती मी. आता कमी हाय."

मला त्या क्षणी तिथून जायचं होतं, आणि आईला उचलून घेऊन जायचं होतं, आणि मुख्य म्हणजे ती गप्प बसायला हवी होती. मग समोरच्या काकूंनी तेलाचा हात कोपरानं कपाळावर पुसला.

"बोलत तं होतोच न वं आम्ही."

"अहो, काय..." मॅडम म्हणाल्या.

"मंग खोटं कायले बोलू? बोलतच होतो. म्हणत जाओ, ही बाई कोणाशी बोलत काहून नाही? पोरगी इंग्लिश शाळेत टाकली तं एवढा भाव? मान हालवते अन् आत जाते. तुमच्या घरी यावं तं खिडक्या बंद." त्या आईकडे वळल्या. "मले काय माहीत तुमाले बरं नाही. मी आपली तेल देऊन राह्यली."

आई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. "तेल चांगलं होतं. ह्यायच्या पाठीले लावलं."

मग बाकीच्याही हसल्या, घाबरत घाबरत. एक जण म्हणाली, "पाह्य वं, हा पापड पाह्य वहिनीचा," आणि तो उजेडाकडे धरला. पुन्हा लाटणी सुरू झाली. पण सगळ्या नाही हसल्या. दोघी आपापल्या पोळपाटाकडे बघत राहिल्या, आणि मुलाच्या आईनं चहाचा कप अर्धाच ठेवून घड्याळ बघितलं. जाताना त्या आईशी नीट बोलल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत.

आठवडाभरात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जी आधीच जुळली होती.

बाबांनी आईशी बोलणंच बंद केलं. जेवताना मला म्हणायचे, "तिला विचार, वरण आहे का." आणि मी विचारायचे. मला आईचा राग आला होता, तो लपवण्यासारखा नव्हता. लग्न होईपर्यंत थांबली असती तर काय बिघडलं असतं, हेच डोक्यात होतं. त्या मुलाला मी बघितलंही नव्हतं. मला वाईट वाटत होतं ते त्याचं नाही. आता सगळ्या ले-आउटला आमच्याबद्दल काही तरी माहीत आहे, आणि मी गेटबाहेर गेले की ते मला चिकटलेलं असेल, याचं.

मी खिडकी लावून काम करायला लागले. माझ्या खोलीला रस्त्याकडची एकच खिडकी आहे.

त्या दिवसांत एका दुपारी काकू आल्या. त्यांनी गेट वाजवलं नाही, सरळ आत आल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मी खोलीचं दार लोटून घेतलं. त्या आधी स्थळाबद्दल बोलल्या. त्यांना वाईट वाटत होतं, नात्यातल्या बाईचा रागही आला होता. "तिचा सासरा सतरा वर्षं काही न बोलता खाटेवर होता, तेव्हा नाही दिसलं का?" आई म्हणाली, जाऊ द्या. मग थोडा वेळ भांड्यांचे आवाज आले. मला वाटलं, आता त्या माझ्या आईला गोळ्यांबद्दल विचारतील आणि आई सगळं सांगेल.

आई माझ्याबद्दल बोलली.

"मले माहं नाही, तिचं भेव वाटते," ती हळू आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं झाली, या ले-आउटमंदी तिची एक मैत्रीण नाही. कोणाच्या घरी जात नाही. सकाळी लॅपटॉप उघडते, रात्री बंद करते. काल पाह्यलं तं खिडकी लावून बसली होती. माही सुरुवात अशीच झालती."

काकू काही तरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मी दाराला कान लावून उभी होते. मी किती वेळ तशी उभी आहे आणि कशासाठी, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दारापासून मागे झाले. आई फ्रिजमागे बसायची तेव्हा मी तिची मुलगी म्हणून लाजले होते. स्वतःच्या खोलीत उभं राहून लाज वाटण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ती वेगळी होती. यात दुसरं कोणी नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकू माझ्या दारात. त्यांनी ढकललं तसं दार उघडलं, मी कडी घातलेली नव्हती.

"काय वं, काम चालू हाय?"

"हो."

त्यांनी बंद खिडकीकडे बघितलं, काळ्या पडलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. "उद्या माह्याकडं कुरडया हायेत. चीक घोटाले माणूस पाह्यजे. तुही माय म्हणते तिचे हात दुखतात." त्या थांबल्या. "हात खरंच दुखतात, मी पाह्यलं. तुले येते का घोटता?"

"नाही येत."

"मंग ये."

मी आईकडे बघितलं. ती त्यांच्या मागे उभी होती. एरवी अशा वेळी ती माझ्या वतीनं बोलून मोकळी होते, तिला बरं नाही, तिला काम आहे. आज तिनं ते माझ्यावर सोडलं.

"मला... मला सकाळी मीटिंग असते," मी म्हटलं. ती मीटिंग दहाला असते हे आईला माहीत होतं.

"चीक पाच वाजता चढते," काकू म्हणाल्या. "तुही मीटिंग उठाच्या आत होते साऱ्या कुरडया. जुना ड्रेस घालून ये, अंगावर उडते."

त्या गेल्या. आई ओट्यावरचे कप विसळायला लागली. मी माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात आले. मला आईला काही तरी सांगायचं होतं, मायग्रेनबद्दल, खुर्चीबद्दल, शाळेच्या पालकसभेबद्दल. त्यातलं काहीच नीट वाक्य होऊन येईना.

शेवटी मी विचारलं, "चीक म्हणजे नेमकं काय असतं?"

आईनं नळ बंद केला आणि सांगायला सुरुवात केली.